विकणे आहे

विकणे आहे : मॅचलेस, साडेतीनशे, सन शेहेचाळीस.
इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी जुळतात.
टाकीवर पंखवाला इंग्रजी एम,
भोवतीची सोनेरी रेघ दस्तगीर पेंटरच्या हातची.
ट्रकच्या पाठीवर मोर काढणारा माणूस,
श्वास रोखून ओढली त्याने, एका दमात.
पत्ता : अक्कलकोट रोड, पाण्याच्या टाकीमागे,
पॉवरलूमच्या दोन शेडांमधली बोळ.
मागांना सुट्टी असेल त्या दिवशी या,
एरवी इथे स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

पुण्याहून एक गृहस्थ आले, खिशात भिंग घेऊन.
म्हणाले, ओरिजिनल किती टक्के?
मी म्हटलं, बसा, मोजू.

मॅग्नेटो मूळचा, आतली तार नवी गुंडाळलेली.
व्हॉल्व्हचे गाइड रेवणसिद्धने लेथवर काढले,
रात्री, त्याच्या शेठला न सांगता.
किकची स्प्रिंग मागाची. हो, मागाचीच.
बर्मिंगहॅमला विचारायला गेलो असतो
तर अजून उत्तराची वाट बघत असतो.
सीटचं कातडं नवं, टाके मात्र जुने मोजून तेवढेच.
टाकीचा डावा पोचा मी ठोकून काढला नाही.
मिलचं फाटक बंद झालं त्या संध्याकाळी
गाडी तिथे आडवी झाली होती.
पडली की पाडली
यावर वंगारींच्या घरात अजून दोन मतं आहेत.

मग गृहस्थ गुडघ्यावर बसले
आणि त्यांचं भिंग थांबलं
इंजिनच्या मागच्या बोल्टाखाली.
हे काय?

हे मीही काढून टाकलं होतं.
घाणीनं काळी पडलेली पितळी चकती,
वॉशर म्हणून कुणीतरी कोंबलेली.
स्टीलची घातली तर हँडल असं थरथरायला लागलं
की आरशात मागचं सोलापूर दिसेना.
पुन्हा पितळी.
चिंचेनं घासली तेव्हा आकडे वर आले :
११७३, साचेखाते.
बालनरसू वंगारींचा हजेरीचा बिल्ला.
जमा केला नाही तर हिशेबातून पैसे कापायचे.
त्यांनी कापू दिले.

गृहस्थ म्हणाले, हा पार्ट कंपनीचा नाही.
मी म्हटलं, कंपनीचाच आहे की,
फक्त कुठल्या, ते विचारू नका.

राजव्वा उंबऱ्यात विड्या वळत होती.
निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे, ठरलंय.
तिनं विचारलं, बंडी चालवणार का हे?
नाही, दिवाणखान्यात ठेवणार, काचेमागे.
ती हसली. बरंय, पेट्रोल वाचलं, म्हणाली,
मलाही धुणं वाळत घालायला जागा होईल.
आणि दोरा दातानं तोडला.

तरीपण चालवायची झाली तर, लिहून घ्या :
कॉक उघडा. कार्बोरेटरची टिकली दाबा,
बोट ओलं होईपर्यंत.
व्हॉल्व्हचा लिव्हर धरून किक हळू उतरवा.
पायाखाली घट्ट लागलं की थांबा.
मग सगळं वजन.
रागानं मारू नका, ती उलट मारते,
बालनरसूंची पोटरी वर्षभर निळी होती.
घेतली, की कान नका लावू, तळवा लावा टाकीवर.
साचेखात्यानं त्यांचे दोन्ही कान खाल्ले होते,
सगळं ट्यूनिंग त्यांनी हातानंच केलेलं,
म्हणून ती जरा सावकाश धडधडते,
मध्येच एक ठोका विसरल्यासारखी.
पुस्तकात तसं नाही. मी दुरुस्त केलं नाही.

गृहस्थांनी शेवटी चावी मागितली.
हिला चावी नाहीच बे, माझ्या तोंडून गेलं,
मग सावरून म्हणालो, साहेब,
मॅग्नेटोची गाडी. पाय ज्याचा बसला त्याची.

किंमत समक्ष. बिल्ल्यासकट.
दुपारी दोन ते चार येऊ नये,
राजव्वा झोपलेली असते.